साक्षीशिवाय भांडं नाही

आमच्या म्हसावदला उन्हाळ्याच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाने रस्त्याच्या कडेला उभं राहू नये. कोणीतरी पोरगं येतं, दंडाला धरतं आणि पलीकडे नेऊन सोडतं. तुम्हाला जायचं आहे की नाही, हे विचारत नाही. मी एकदा बिडी ओढायला उभा होतो. बारावीच्या एका पोराने मला पलीकडे नेलं. पलीकडे दहावीची एक पोरगी टपून बसलेली, तिने मला परत अलीकडे आणलं. तेवढ्यात बिडी विझली. कोणाच्या म्हशीला दिवसभर पाणीच दाखवलं जातं, कोणाचं दळण न सांगता गिरणीवर जातं. आमच्या गल्लीतली एक म्हातारी तर दाराला आतून कडी लावून बसते. पोरं येताना दिसली की म्हणते, "सेवा करनारा उनात व माय."

या सगळ्याला कारण एकच माणूस. पुखराज शेठ, भांडीवाला.

निकाल लागले की शेठ दहावी-बारावीच्या पोरांचा सत्कार करतो. सत्कार सगळीकडे होतात. नारळ, गुलाबाचं फूल, फोटो, जा घरी. शेठचं तसं नाही. त्याच्याकडे नुसते टक्के घेऊन गेलं तर चमचा मिळतो. टक्के कितीही असोत, चमचाच. भांडं पाहिजे असेल तर गावात कोणाची तरी सेवा केलेली पाहिजे. आणि ज्याची सेवा केली त्याने स्वतः स्टेजवर येऊन माइकमध्ये तसं सांगितलं पाहिजे. हेडमास्तरचा दाखला चालत नाही. बापाचा शब्द तर मुळीच नाही.

एका साली शाळेत पहिल्या आलेल्या पोराचा बाप चमचा परत करायला दुकानावर आला.

"शेठ, मन्हा पोऱ्या पहिला उना. आनि त्येले चमचा?"

"दादा, टक्का त्येना त्येले भेटनात. गावले काय भेटनं?"

बाप चमचा गादीवर टाकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको येऊन घेऊन गेली. चमचा जाड होता.

शेठ मूळचा मारवाडातला. लहानपणी काकाबरोबर इथे आला तो इथलाच झाला. अहिराणी माझ्यापेक्षा चांगली बोलतो, मराठी माझ्यापेक्षा वाईट. मी चार बुकं शिकलो, तो किती शिकला ते तो सांगत नाही. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, सूर्य बुडायच्या आत जेवण. पोरं सुरतला आहेत, शेठाणीपण तिकडेच नातवंडांत रमली. हा इथे भांड्यांच्या उतरंडीत बसलेला. हातात येईल ती वस्तू बोटाच्या पेराने वाजवून बघतो. तांब्या वाजवतो, टरबूज वाजवतो, शाळेतल्या पोरांची डोकी वाजवतो.

भांड्यावर नाव टाकायचं मशीन गावात त्याचंच. म्हणजे अर्ध्या गावाची भांडी त्याच्या हातून गेलेली. लग्नाच्या पंगतीला बसला की वाढायच्या आधी ताट उलटं करून नाव वाचतो. आणि मोठ्याने विचारतो, "हाई ताट तं तुळशीरामना घरनं शे. आठे कसं उनं?" एका लग्नात यावरून दोन जावा अशा भांडल्या की हळद राहिली बाजूला. वऱ्हाडी म्हणाले, शेठ, तुला काय करायचं. शेठ वाटी उलटी करत म्हणाला, "मी फक्त वाची ऱ्हायनू."

त्याचा एक शब्द सगळ्या गावाला पाठ आहे. साक्षी कोन? काहीही सांगा. शेठ, शहाद्याकडे गारा पडल्या. साक्षी कोन? शेठ, अमक्याच्या पोरीचं जमलं. साक्षी कोन? मी एकदा म्हटलं, शेठ, तब्येत बरी शे ना? तर म्हणे, "डाक्टर सांगस बरी शे. साक्षी कोन?"

सत्काराच्या दिवशी तो मशीन स्टेजवर आणतो. साक्ष पटली की तिथल्या तिथे भांड्यावर नाव टाकतो. दुकानाचं नाही, स्वतःचं नाही. ज्याची सेवा झाली त्याचं. अमक्या आजीकडून तमक्याला. माइक जवळ असतो म्हणून ते कर्रर्र सगळ्या गावाला ऐकू जातं, कुत्री भुंकायला लागतात, आणि शेठ जीभ बाहेर काढून अक्षर काढत असतो.

साक्षीदार काय काय बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. एक म्हातारा म्हणाला, "ह्या पोऱ्यानी माले फटफटीवर दवाखानामा लयं. पन इतली जोरमा चालाडी, की आते दुसरा दुखनानी दवाई चालू शे." पोराला भांडं मिळालं, तवा. एका बाईने माइक धरला आणि पोराला सोडून सुनेचीच गाऱ्हाणी सुरू केली. खालून सून म्हणाली, "माइक मालेबी द्या." आणि एक आजोबा सरळ बोलले, "यानी काही करं नही. याना बापनी धाडा म्हनीसन उना, बठा, मोबाइल देखा, गया." सगळे पोराकडे बघायला लागले. शेठ एवढा खूश झाला की त्या आजोबांनाच वाटी देऊन टाकली. म्हणाला, आसा साक्षी जोयजे.

आमची म्हातारी दरवर्षी पहिल्या रांगेत जाऊन बसायची. सत्कारात आमचं कोणी नव्हतं. एक लेक, ती कधीच सासरी गेलेली. तरी ही जायची. कारण घरी आल्यावर चुलीपुढे बसून सगळ्या साक्षीदारांच्या नकला करायची. फटफटीवाला म्हातारा, सुनेची सासू, शेठची जीभ. तिचा आवाज असा होता की गल्लीतल्या बाया भांडी घासायची सोडून ऐकायला यायच्या. मी म्हणायचो, बस झालं, भाकर टाक. ती म्हणायची, भाकर रोज शे.

मग तिला लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. बोलायची, पण तोंडातून शब्द नाही, नुसता गोळा बाहेर यायचा. मला एक अक्षर कळेना. मला कळत नाही म्हणून ती रडायची, आणि ती रडते म्हणून मी रागवायचो. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. कोणाला होईल ते नाही बोलले.

आमच्या शेजारच्या पपईच्या मळ्यात धडगावकडचं एक पावरा कुटुंब राखणीला होतं. त्यांची पोर रमिला, बारावीला. शाळेत जाता-येता आमच्या ओट्यावर पाणी प्यायची. एक दिवस ती आत आली, म्हातारीच्या बाजेजवळ उभी राहून बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मला म्हणाली, "बाबा, आजी म्हणतात, उशी उंच झाली."

मी उशी काढली. म्हातारीने डोळे मिटले. तोंड निवलं तिचं.

मी विचारलं, तुला कसं समजलं गं? म्हणाली, "मी पाचवीत इथे आले तेव्हा मला मराठी येत नव्हती. आमच्या घरी पावरी बोलतात. बाई शिकवायच्या आणि मी वर्षभर नुसती त्यांच्या तोंडाकडे बघायची. आजींचं तसंच आहे. बघत राहिलं की कळतं."

तेव्हापासून ती रोज यायची. म्हातारीचे केस विंचरायची आणि बोलणं माझ्यापर्यंत आणायची. पण पोरीची मराठी पुस्तकातली. त्यामुळे गंमत व्हायची. म्हातारी हात उगारून काहीतरी दणकून बोलायची, आणि रमिला शांतपणे सांगायची, "आजी म्हणतात, आपण फार आळशी आहात." म्हातारीने आयुष्यात मला आपण म्हटलेलं नव्हतं. मूळ शब्द काय असेल ते मला बरोबर माहीत होतं. "आजी म्हणतात, आपण केलेली भाकर जनावरांना द्यावी." मी म्हणायचो, जनावराने खाल्ली नाही तर? म्हातारी हसायची. अर्ध्या तोंडाने हसायची, पण हसायची.

कधी कधी वेगळंच काही यायचं. "आजी म्हणतात, तुम्ही थकलात. थोडं झोपा." असं ती धडधाकट होती तेव्हा कधी बोलली नव्हती. मी झोपायचो नाही, पण आडवा व्हायचो.

थंडीत ती गेली. त्या दिवशी रमिलाची शाळेत प्रयोगाची परीक्षा होती.

निकाल लागला. रमिला पास झाली, धुळ्याला नर्सिंगला जाणार असं ठरलं. राखणदाराची पोर, तिला कोण फूल देणार आणि कोण नारळ. मी म्हटलं, हिला भांडं मिळालं पाहिजे. हिने माझ्या घरात जे केलं ते गावाने ऐकलं पाहिजे. मी कधी शेठच्या दुकानाची पायरी कामाशिवाय चढलो नाही, ती चढलो.

"शेठ, रमिलाले भांडं देवानं शे."

"सेवा कोनले व्हयनी?"

"मन्ही घरवालीले."

"बलाव तिले," तो म्हणाला, आणि लगेच त्याने जीभ चावली. तो तिच्या मातीला आलेला होता. पण शब्द मागे घेतला नाही. हळू बोलला, "हिरामन, जेन्ही सेवा लिधी ती ऱ्हायनी नही. साक्षी कोन?"

"मी शे ना. मी देखं."

"तू देखं. तुले थोडी व्हयनी सेवा?"

"मंग तिन्हं बोलनं मन्हापावत कोन लयनं?"

शेठने हातातला पेला वाजवला, परत वाजवला. मग जे बोलला ते मला आजही आठवतं. "म्हातारी काय बोले, ते तुले काय मालूम? पोर पदरनं सांगे व्हई. चांगली पोर शे. तुले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन सांगे."

मी उठलो आणि पायरी उतरलो. त्याने शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या आणि मिटलं असतं. पण हे असं होतं की घरी आल्यावरसुद्धा जाईना. रमिला पदरचं सांगत असेल का? शिव्यांबद्दल मला शंका नव्हती, त्या तिच्याच. पण ते थकलात, झोपा? ते कोणाचं? बाज रिकामी, विचारू कोणाला. माझ्याकडे म्हातारीचं शेवटचं जे काही उरलं होतं ते एवढंच होतं, आणि त्यातलं जे चांगलं तेच आता खोटं वाटायला लागलं. मी शेठच्या गल्लीने जाणं सोडलं. भांड्याबिंड्याचं जाऊ द्या, मला माझी बायको खरी पाहिजे होती.

असेच दिवस गेले, सत्कार उद्यावर आला. दुपारी मी वरण केलं आणि त्यात मीठ विसरलो. पहिला घास घेतला आणि हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिशात काही नव्हतं. तिथेच मी घास हातात धरून बसून राहिलो.

ते असं आहे. आमचं नवीन लग्न झालं तेव्हा म्हातारी स्वयंपाकात मीठ घालायला विसरायची. घाबरून विसरायची, कारण माझी माय मोठी कडक. मायचं ताट वाढताना ती चाखून बघायची, वरून मीठ घालायची. माझ्याच ताटाला विसरायची. मायच्या समोर मी मीठ मागितलं असतं तर घरात रामायण झालं असतं. म्हणून मी कागदाच्या पुडीत मीठ बांधून खिशात ठेवायचो आणि गुपचूप टाकायचो. बऱ्याच दिवसांनी हिने ते पाहिलं. काही बोलली नाही. नंतर माय गेली, हिचा हात सुधारला, तरी जन्मभर जेवायला बसलो की ही नुसती माझ्या खिशाकडे बघायची. आम्हा दोघांशिवाय हे कोणालाच माहीत नव्हतं. लेकीलासुद्धा नाही.

आणि एक दिवस, रमिलाने आमच्या घरी भाजी केली होती, म्हातारी काहीतरी बोलली आणि रमिला गोंधळून म्हणाली, "बाबा, आजी म्हणतात, मिठाची पुडी खिशात ठेवा. पण मी भाजीत मीठ घातलंय." म्हातारी अर्ध्या तोंडाने हसत होती. मी तेव्हा हसण्यावारी नेलं आणि विसरून गेलो.

मी हात तसाच खरकटा घेऊन मळ्यात गेलो, रमिलाला म्हटलं, चल. शेठसमोर तिला उभी केली, आणि मिठाची सगळी गोष्ट शेठच्या कानात सांगितली. शेठने मला बाहेर ओट्यावर बसवलं आणि पोरीला एकटीला विचारलं. मला आतलं ऐकू येत होतं.

"आजी कधी मीठनं काही बोलनी व्हती?"

"हो. पुडी खिशात ठेवा, म्हणाल्या."

"कसाले?"

"ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, शेठजी. त्या जे म्हणाल्या ते मी तसंच सांगितलं."

मग शेठ बाहेर आला. माझ्याकडे न बघता समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "पोरले मालूम नव्हतं, तरी तिन्ही सांगं. म्हातारीच बोलनी, हिरामन. सकाय माइकवर तू बोलजो."

मी माइकवर कधी बोललेलो नाही. दुसऱ्या दिवशी स्टेजवर गेलो तर आपलाच श्वास शेतातल्या इंजिनासारखा ऐकू यायला लागला. काय बोललो ते नीट आठवत नाही. मिठाचं सांगितलं. शिव्यांचं सांगितलं, लोक हसले. म्हटलं, मन्ही घरवालीनं बोलनं गयं व्हतं, ते ह्या पोरनी मन्हापावत लयं. हाई सेवा तिले बी व्हयनी आनि माले बी. बस.

शेठने कडीचा डबा समोर घेतला, मशीन उचललं आणि विचारलं, "नाव सांग. कोनाकडथीन टाकू?"

आता लग्नात एकदा नाव घेतलं तेवढंच. त्यानंतर मी तिला कधी नावाने हाक मारली नाही, आमच्यात कोणी मारत नाही. खाली बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या. शेठ थांबला होता. मी म्हटलं, "देवकाबाई." माइकमधून ते गावभर गेलं. मग मशीनचा आवाज सुरू झाला.

रमिला दोन्ही हातांनी डबा धरून उभी होती. तिचा बाप मागे कडेला उभा राहून लोकांकडे बघत होता, लोक टाळ्या वाजवतात म्हणजे काय करायचं असतं ते त्याला ठरवता येत नव्हतं.

ती धुळ्याला गेली. जाताना ओट्यावर आली, पाणी प्याली, पाया पडली. मी म्हटलं, तोंडाकडे बघत जा पेशंटच्या. ती म्हणाली, हो बाबा.

ती गेली त्याच दिवशी भरदुपारी पुखराज शेठ माझ्या घरी आला. दुकान बंद करून आला. दुपारी ते दुकान बंद असलेलं मी पाहिलेलं नाही. आला आणि म्हातारीच्या बाजेवर न बसता खाली चटईवर बसला.

"पोर गयी?"

"गयी."

तो घरात इकडे तिकडे बघत राहिला. फळीवरची भांडी ओळखीची, त्याच्याच हातची, पण एकालाही हात लावला नाही. मग आपणहून बोलायला लागला. त्याची माय मारवाडात, गावाकडच्या घरात एकटी असायची. ती गेली तेव्हा हा इथे दुकानात बसलेला. पोचेपर्यंत सगळं उरकलेलं. "मी सगळासले इचारं, मन्ही मायजोडे कोन व्हतं? जो तो सांगे, मी व्हतू. मी पानी पाजं. मी हात धरा. इतला जन व्हतात, तं मन्ही माय एकली कशी मरनी?" आणि म्हणाला, "जेन्ही खरंच पाजं त्येले काही देवानं व्हतं. आजपावत मालूम नही पडनं."

माझ्या गुडघ्यावर माशी बसली होती ती हाकलली.

"तुन्ही म्हातारी," त्याने विचारलं, "शेवटले काय बोलनी?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. लेकीनेसुद्धा नाही. मी सांगितलं. पोर परीक्षेला गेलेली. सकाळी म्हातारीने माझा हात धरला आणि बोलायला लागली. थोडंथोडकं नाही, खूप बोलली. थांबून थांबून, नीट समजावून सांगितल्यासारखं. मला त्यातलं काही समजलं नाही. मी मान हलवत राहिलो. मग ती गप्प झाली.

"रागे नही भरनी?"

"नही. चुपचाप पडी राह्यनी."

"मंग तिले वाटनं, तुले समजनं." शेठ म्हणाला. "मानूसले तेवढंच लागस, हिरामन. समोरना मान हालाडस, तेवढंच."

बाहेर ऊन तापलं होतं. पपईच्या मळ्यात रमिलाच्या बापाच्या जागी नवीन राखणदार आला होता, त्याचा कोणाला तरी हाका मारण्याचा आवाज येत होता.

"मन्ही मायले बी कोन्ही मान हालाडी व्हई," शेठ खाली बघत म्हणाला. विचारल्यासारखं म्हणाला.

"हालाडी व्हई ना," मी म्हटलं.

मी चहा ठेवायला उठलो. दूध फाटलं होतं, म्हणून काळाच केला. शेठ काळा चहा पीत नाही. कप त्याच्या पुढे ठेवला, त्याने तो दोन्ही हातांत धरला, आणि प्यायला.